सगळं कळतं, तरी अंग का दचकतं? ट्रॉमासाठी नुसत्या बोलण्यापलीकडचे उपचार

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही पुढचं नीट लागेल. चार वर्षांपूर्वी तुम्ही गाडी चालवत असताना समोरून चुकीच्या बाजूनं आलेल्या वाहनाची धडक बसली आणि शेजारी बसलेला मित्र गेला. गेले चौदा महिने दर आठवड्याला समुपदेशन चालू आहे. समुपदेशक चांगल्या आहेत, तिथे मन मोकळं होतं, चूक आपली नव्हती हेही पटलंय. तरीही करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला की अंग गोठतं, आठवड्यातून तीन-चार रात्री तेच स्वप्न पडतं, आणि गाडी चालवणं सोडाच, पुढच्या सीटवर बसणंही जमत नाही. तुम्ही विचारताय की बोलण्याच्या थेरपीचा उपयोग संपला का, आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालीची मदत घेऊन आठवणीवर काम करणारी पद्धत) किंवा शरीरावर काम करणाऱ्या पद्धतींपैकी कशाकडे वळावं.

बोलणं एका बाजूला आणि शरीर दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी हल्ली फार ऐकू येते. निर्णय घ्यायला तिची मदत होत नाही. तुमच्यापुरता खरा प्रश्न वेगळा आहे: चौदा महिन्यांत त्या आठवणीवर थेट काम झालं का, की आठवणीच्या आजूबाजूनं बोलणं झालं? आधार देणाऱ्या समुपदेशनात बहुतेक वेळ आठवडा कसा गेला, घरात काय झालं, झोप कशी आहे यात जातो. अपघाताचा विषय निघतो, दोन-तीन वाक्यांत येतो, डोळे भरतात आणि दोघंही हळूच पुढे सरकतात. यातून एकटेपणा कमी होतो, अपराधीपणाची धार बोथट होते, आणि तुमच्या बाबतीत हे झालेलं दिसतंय. म्हणून ते महिने वाया गेलेले नाहीत. पण धडकेच्या त्या काही सेकंदांना कुणी हात लावला नसेल, तर ते सेकंद जसेच्या तसे राहतात.

असं का होतं, ते सोपं करून सांगते. रोजच्या आठवणींवर वेळ आणि जागेचा शिक्का बसतो, म्हणून 'ते तेव्हा झालं' हे आपोआप कळतं. जिवावर बेतलेल्या प्रसंगात तो शिक्का नीट बसत नाही. आवाज, काचेचा चुरा, जळक्या रबराचा वास, मानेतला ताण असे तुकडे सुटे राहतात. ब्रेकचा आवाज आला की मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, विचार सुरू होण्याआधीच अंगाला हुकूम देतो. 'चूक माझी नव्हती' हे समजणं विचाराच्या पातळीवर असतं आणि तिथून हा हुकूम परत घेता येत नाही.

तो बदलायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. आठवण पुरेशी जागी हवी, आणि त्याच क्षणी आपण आत्ता, इथे, सुरक्षित आहोत याचं भान अंगालाही हवं. आठवण झोपलेली असताना, म्हणजे बातमी वाचावी तशा कोरड्या आवाजात शंभर वेळा सांगितली, तर काही हलत नाही. उलट आठवण इतकी उसळली की खोली, खुर्ची, समोरचा माणूस सगळं नाहीसं झालं, तरीही नवीन काही शिकलं जात नाही, फक्त आणखी एकदा अपघात होतो. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्याला डॅन सीगल यांनी १९९९ मध्ये 'विंडो ऑफ टॉलरन्स' म्हटलं. मराठीत त्याला झेपण्याचा पट्टा म्हणू. चांगल्या ट्रॉमा थेरपींची, म्हणजे मानसिक आघातावरच्या उपचारांची, नावं कितीही वेगळी असोत, माझ्या मते त्या सगळ्या माणसाला या पट्ट्यात ठेवून आठवणीला हात लावायच्या वेगवेगळ्या रीती आहेत. त्यामुळे पद्धत निवडताना मी नावाआधी एवढंच पाहते की या माणसाला कोणत्या रीतीनं पट्ट्यात राहता येईल.

हे अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहे. मोठेपणी घडलेला एकच प्रसंग आणि लहानपणापासून वर्षानुवर्षं झालेला छळ यांचं काम सारखं नसतं. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक वर्गीकरणात दुसऱ्या प्रकारासाठी 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' असं स्वतंत्र निदान आहे (पीटीएसडी म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास). तिथे स्वतःबद्दलची भावना, नाती आणि भावना सावरण्याची ताकद या तिन्हींवर परिणाम झालेला असतो आणि तयारीला जास्त वेळ द्यावा लागतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं पहिल्या प्रकारात बसतं, पण चार गोष्टी थेरपिस्टला आधीच सांगा: अपघातात डोक्याला मार लागला होता का, मधूनच भान सुटून वेळ गायब होते का, झोपेसाठी दारू किंवा गोळ्या लागतात का, आणि जगावंसं वाटत नाही असे विचार येतात का. शेवटच्याचं उत्तर 'हो' असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यावर, तातडीनं, मानसोपचारतज्ज्ञाकडे काम व्हायला हवं.

आता तुमची लक्षणं. मला त्यात चार वेगळे धागे दिसतात: ब्रेकच्या आवाजानं गोठणं, तेच स्वप्न, गाडीतली पुढची सीट टाळणं, आणि मित्र जाण्याचं दुःख. एकाच पद्धतीनं चारही सुटतील अशी अपेक्षा ठेवली की निराशा पदरी पडते.

पहिल्या धाग्यासाठी ईएमडीआर हा तुमच्यासारख्या एकाच प्रसंगाच्या ट्रॉमात चांगला पर्याय आहे. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये याची सुरुवात केली आणि १९८९ मध्ये पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ट्रॉमावर केंद्रित सीबीटीबरोबर (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) ईएमडीआरचीही शिफारस आहे. डोळे हलवले की आठवण पुसली जाते असा समज मात्र काढून टाका. याचे आठ टप्पे असतात आणि डोळ्यांची हालचाल चौथ्या टप्प्यात सुरू होते. त्याआधी इतिहास, तयारी आणि मोजमाप.

ते मोजमाप कसं असतं ते जवळून पाहा. थेरपिस्ट प्रसंगातलं सगळ्यात वाईट एकच चित्र निवडायला सांगते. तुमच्या बाबतीत समजा, समोरचे दिवे अंगावर येण्याचा क्षण. मग त्या चित्राबरोबर आज, आत्ता स्वतःबद्दल कोणतं वाक्य मनात येतं ते विचारलं जातं, उदाहरणार्थ 'मी काहीच करू शकत नाही'. त्याजागी काय वाटायला आवडेल तेही ठरतं: 'ते संपलं, मी आता सुरक्षित आहे'. हे दुसरं वाक्य आतून किती खरं वाटतं त्याला १ ते ७ मध्ये आकडा द्यायचा. बहुतेकांचा २ किंवा ३ येतो. मग भावना कोणती, त्रास ० ते १० मध्ये किती, आणि अंगात कुठे जाणवतोय. यानंतर ते चित्र मनात धरून थेरपिस्टच्या बोटांमागे साधारण २४ वेळा डोळे डावी-उजवीकडे न्यायचे, म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट. थांबायचं, श्वास सोडायचा, आणि 'आता काय आलं?' या प्रश्नाला एक-दोन वाक्यांत उत्तर द्यायचं. जे आलं त्याच्यासकट पुढचा फेरा. चित्र धूसर होतं, दुसरंच काही आठवतं, मानेतला ताण दंडात उतरतो, मध्येच रडू येतं. त्रासाचा आकडा ० किंवा १ वर येईपर्यंत, आणि नंतर चांगलं वाक्य ६-७ इतकं खरं वाटेपर्यंत फेरे चालतात. शेवटी डोक्यापासून पायापर्यंत अंग तपासायचं, कुठे ताण उरलाय का. एका सेशनला ६० ते ९० मिनिटं लागतात. डोळ्यांचा आजार असेल तर हातांवर आळीपाळीनं टॅप करूनही चालतं.

हे का चालतं यावर वाद आहेत. मला पटणारं स्पष्टीकरण असं: तात्पुरती माहिती धरणाऱ्या स्मृतीची जागा मर्यादित असते. आठवण आणि डोळ्यांची हालचाल दोन्ही तिथे एकदम मावत नाहीत, म्हणून चित्राची तीव्रता उतरते आणि ते तसंच, उतरलेलं, परत साठतं. म्हणूनच हालचाल इतकी सोपी नको की विचार न करता होईल. थेरपिस्ट वेग बदलते तो याचसाठी.

ईएमडीआर फसतं ते बहुतेक तीन कारणांनी. एक, फेऱ्यांच्या मध्ये थेरपिस्ट समजावत बसते आणि पुन्हा साधी गप्पांची थेरपी सुरू होते. दोन, चित्राऐवजी 'तो सगळा अपघात' असं अख्खं गाठोडं उचललं जातं. तीन, वेळ संपली म्हणून त्रासाचा आकडा ७ वर असतानाच सेशन तोडलं जातं. आठवण पूर्ण झाली नसेल तर शेवटची दहा मिनिटं ती बाजूला ठेवून अंग शांत करण्यासाठी राखायलाच हवीत.

ज्यांना बोटांमागे डोळे फिरवणं विचित्र वाटतं त्यांच्यासाठी एडना फोआ यांची प्रोलाँग्ड एक्स्पोजर आहे: साधारण ८ ते १५ सेशन, प्रत्येकी ९० मिनिटं. डोळे मिटून, 'मी वळतोय, दिवे दिसतात' असं वर्तमानकाळात, सलग ३०-४० मिनिटं तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायचा. रेकॉर्डिंग घरी नेऊन रोज ऐकायचं. हीदेखील बोलण्याचीच थेरपी आहे, आणि तिच्यामागे भरपूर पुरावा आहे. ज्यांना मोठ्यानं सांगणं अशक्य वाटतं त्यांच्यासाठी डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स यांची लेखनावर आधारलेली पद्धत आहे: पाच सेशन, प्रत्येकात अर्धा तास हातानं त्याच प्रसंगाबद्दल लिहायचं. ती इतकी छोटी आहे की लोकांचा विश्वास बसत नाही, पण वेळ किंवा पैसा कमी असेल तर तिची चौकशी जरूर करा.

स्वप्नाचा धागा वेगळा हाताळता येतो, आणि इथे मी थोडी रेंगाळते, कारण याबद्दल फार कमी लोकांना सांगितलं जातं. बॅरी क्राकॉव यांनी जिचा अभ्यास केला ती इमेजरी रिहर्सल थेरपी पूर्ण जागेपणी करायची असते. पद्धत अशी: स्वप्न लिहून काढा, पण सुरुवात सगळ्यात भीषण स्वप्नानं करू नका. कमी त्रासाचं एखादं असेल तर ते घ्या. मग ते हवं तसं बदला. कुठे आणि कसं बदलायचं यावर बंधन नाही. दिवे अंगावर येण्याऐवजी रस्ता रुंद होत जाऊन मैदान लागू दे, किंवा गाडीची होडी होऊ दे. नवीन स्वप्न रंग, आवाज, स्पर्शासकट अर्ध्या-एक पानात लिहा. दिवसा १० ते २० मिनिटं डोळे मिटून फक्त नवीन स्वप्न पाहा, जुनं नाही. आठवड्याला एक, फार तर दोन स्वप्नं. तीन-चार आठवड्यांत स्वप्नांची वारंवारता कमी होतेय का ते वहीत मोजा.

लोक चुकतात ते बदल करताना. नवीन स्वप्नात मारामारी, बदला किंवा आणखी एक अपघात आला तर अंग पुन्हा तापतं. आणि तुमच्या बाबतीत एक काळजी घ्या: मित्र वाचला असा शेवट लिहावासा वाटेल, पण काहींना त्यानं जाग आल्यावर दुःख दुपटीनं भिडतं. दोन दिवस करून पाहा. सकाळ जड जात असेल तर शेवट बदला. उजळणी झोपायला जाताना करू नका, संध्याकाळी लवकर करा.

पुढच्या सीटसाठी पायऱ्यांची शिडी लागते. इथे कितीही विश्लेषण केलं तरी सीटवर बसल्याशिवाय काम होत नाही. ० ते १०० मध्ये भीती मोजा आणि साधारण ४० च्या पायरीवर सुरू करा: बंद, उभ्या गाडीत पुढे बसणं. मग इंजिन चालू, गाडी उभी. मग रिकाम्या मैदानात मंद वेगानं एक फेरी. मग ओळखीचा शांत रस्ता, मग वर्दळ, मग रात्र. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं, साधारण ३० ते ४५ मिनिटं, आणि तीच पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा. भीती शिगेला असताना उतरलात तर अंग एवढंच शिकतं की उतरलो म्हणून वाचलो.

आणखी एक बारीक गोष्ट. अपघातातून गेलेली माणसं पुढे बसली की नकळत पायानं ब्रेक दाबतात, वरचं हँडल घट्ट धरतात, डोळे मिटतात, फोनमध्ये डोकं घालतात किंवा चालकाला सतत सूचना देतात. बाहेरून वाटतं जमलं. आत मात्र 'हँडल धरलं म्हणून वाचलो' असा हिशोब चालू राहतो आणि भीती जागची हलत नाही. म्हणून प्रत्येक पायरी दोनदा करायची: आधी हँडल धरून चालेल, मग हात मांडीवर आणि पाय सैल. शेजारी चालवणाऱ्याला आधी समजावून ठेवा की मध्ये धीर द्यायचा नाही आणि ठरलेल्या वेगाबाहेर जायचं नाही.

आता शरीरावर काम करणाऱ्या पद्धतींकडे येते. पीटर लिव्हाइन यांच्या सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंगमध्ये गोष्ट सांगण्यावर भर नसतो. त्रासाच्या संवेदनेचा छोटासा अंश घेऊन लक्ष अंगातल्या शांत जागेकडे न्यायचं आणि परत आणायचं, असा झोका घेतला जातो. ज्यांची आठवण काढताच शुद्ध हरपते त्यांना ही संथ चाल मानवते. पुरावा मात्र ईएमडीआर किंवा एक्स्पोजरच्या तुलनेत खूप थोडा आहे, आणि कुणी फक्त याच्या भरवशावर वर्षभर ठेवत असेल तर मी प्रश्न विचारीन. ट्रॉमासाठी जुळवलेल्या योगावर बेसल व्हॅन डर कोक यांच्या गटानं २०१४ मध्ये, आधीच्या उपचारांनी बरं न वाटलेल्या ६४ महिलांवर अभ्यास केला: दहा आठवडे, आठवड्याला एक तास. शेवटी योग गटातल्या ३१ पैकी १६ जणींमध्ये पीटीएसडीचे निकष उरले नव्हते, तुलनेच्या गटात २९ पैकी ६. आशा वाटावी असा निकाल आहे, पण अभ्यास छोटा आहे. अशा वर्गात शिक्षक अंगाला हात लावत नाहीत, डोळे मिटायची सक्ती नसते आणि प्रत्येक आसनात 'हवं तर' असा पर्याय असतो. हे नसेल तर तो नेहमीचा योगवर्ग आहे.

माझ्या कामात या पद्धतींची जागा बहुतेकदा जोडीदाराची असते. त्या झेपण्याचा पट्टा रुंद करतात, म्हणजे आठवणीवरचं काम पेलतं. पण इथे एक चूक सर्रास होते: प्रत्येकाला सरसकट 'खोल श्वास घ्या' सांगणं. धडधड, घाम, अस्वस्थता असेल तर श्वास आत ४ सेकंद, बाहेर ६ सेकंद, मिनिटाला सहा, पाच मिनिटं, हे चालतं. श्वास हळू आणि छोटा हवा. मोठमोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरणं वाढतं. तुम्ही मात्र गोठता. गोठलेल्या अंगाला आणखी शांत करणं उलटं पडू शकतं, त्याला हालचाल हवी असते. उभे राहा, दोन्ही तळवे भिंतीला लावून दहा सेकंद जोरात ढकला, टाचा जमिनीवर आपटा, मान वळवून खोलीचे चारही कोपरे बघा, आजची तारीख मोठ्यानं म्हणा. ब्रेकचा आवाज आल्या आल्या यातलं एक करायचं, असं आधीच ठरवून ठेवा.

मात्र हेही कधीकधी टाळण्याचाच प्रकार होऊन बसतं. थेरपीत आठवण जरा वर येताच तुम्ही भिंत ढकलू लागलात तर आठवण कधीच पुरेशी जागी होणार नाही. ही साधनं पट्ट्याबाहेर गेल्यावर वापरायची. पट्ट्यात असताना थोडं अस्वस्थ राहणं हाच उपचार आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिनसारख्या गोळ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं मदत करतात आणि थेरपीबरोबर चालतात. झोपेसाठी बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या रोज चालू असतील तर ते थेरपिस्टला सांगा, कारण त्या नवीन शिकण्याच्या आड येतात. स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका, ते धोक्याचं आहे. एमडीएमए या नशेच्या द्रव्याच्या मदतीनं केल्या जाणाऱ्या थेरपीबद्दल वाचलं असेल, तर ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं तिला मान्यता नाकारली आहे. खासगीत कुणी देऊ करत असेल तर दूर राहा.

मित्राचं दुःख हा चौथा धागा, आणि त्याला मी आकडे लावणार नाही. अनेकांना भीती वाटते की आठवणीचा त्रास गेला तर मित्रही दूर जाईल. होतं बहुधा असं की शेवटचा क्षण मागे सरकला की त्याआधीची वर्षं दिसू लागतात: त्याचं हसणं, त्याच्या सवयी. त्यामुळे आठवणीवरच्या कामानंतर रडू वाढलं तर बिघडलं असं समजू नका. इथे तुमच्या आत्ताच्या समुपदेशक सगळ्यात उपयोगी पडतील, म्हणून त्यांना सोडण्याची घाई नको. त्यांनी ट्रॉमाचं थेट काम शिकलेलं नसेल तर ते दुसरीकडे करून महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाणं ही चांगली व्यवस्था आहे, फक्त दोघांना एकमेकांबद्दल माहीत असू द्या.

नवीन थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा: या पद्धतीचं प्रशिक्षण कुठे आणि किती झालं, माझ्यासारख्या प्रसंगासाठी साधारण किती सेशन धरता, सुधारणा कशानं मोजता, आणि सेशनमध्ये माझं भान सुटलं तर काय कराल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठोस हवं. आठवणीवर थेट काम सुरू झाल्यावर सहा-आठ सेशनमध्ये मोजमापात काहीच हललं नाही, तर पद्धत बदलायची चर्चा करा.

क्रम विचारलात, तर मी असा लावीन: दोन-तीन आठवडे तयारी आणि स्वप्नाचं काम, कारण झोप सुधारली की बाकीचं पेलतं. मग ईएमडीआर किंवा एक्स्पोजर. त्रास निम्म्यावर आला की शिडी. आठवणीवरच्या पहिल्या दोन-तीन सेशननंतर एक-दोन दिवस स्वप्नं वाढू शकतात, अंग दुखू शकतं, चिडचिड होते. हे अपेक्षित आहे, पण आठवडाभर टिकलं तर लगेच कळवा. आणि त्या दिवशी घरी परतताना कुणाला तरी सोबत घ्या, रस्ता ओलांडतानाही. तासभर तरी लक्ष ठिकाणावर नसतं.